स्थौल्य-शस्त्रकर्मोत्तर रुग्ण : अपतर्पण नव्हे, लघु संतर्पण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुषांचा उल्लेख करून त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विशेष विस्तार केला आहे, हे आपणा सर्वांना परिचित आहे. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदता, मैथुनातील कष्ट, दौर्बल्य, दुर्गंध, स्वेदपीडा, अतिक्षुधा व अतितृष्णा हे अतिस्थूलाचे आठ दोष तेथे सांगितले आहेत. चिकित्सेचे सूत्रही तेथेच आहे. स्थूलास गुरू परंतु अपतर्पण करणारे, तर कृशास लघु परंतु संतर्पण करणारे अन्नपान द्यावे. या दोन सूत्रांच्या मधोमध उभा असलेला एक नवा रुग्णवर्ग आता आपल्या चिकित्सालयांत येऊ लागला आहे. हा रुग्ण देहाने अद्याप स्थूल दिसतो; चिकित्सा मात्र त्याला कृशाची द्यावी लागते. तो म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रकर्म झालेला रुग्ण.

महाराष्ट्रात या शस्त्रकर्माचे नाव घरोघरी पोहोचले ते प्रामुख्याने दोन घटनांमुळे. २०११ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत असे शस्त्रकर्म झाले आणि त्यांच्या देहातील बदल सर्वांनी पाहिला. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत इमान अहमद ही इजिप्तची अतिस्थूल स्त्री मुंबईच्या सैफी रुग्णालयात दाखल झाली. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रकर्म केले. मे महिन्यात तिला अबुधाबी येथे हलविण्यात आले व सप्टेंबर २०१७ मध्ये तेथेच तिचे निधन झाले. तिला अनेक जुने विकार होते; त्यामुळे तिच्या मृत्यूवरून शस्त्रकर्माची परीक्षा करणे योग्य होणार नाही. तथापि स्थौल्य हा केवळ वजनकाट्यावरचा आकडा नव्हे, ही गोष्ट त्या घटनेने अधोरेखित केली.

बीड जिल्ह्यातील रुग्ण या शस्त्रकर्मासाठी बहुधा पुणे, मुंबई अथवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. शस्त्रकर्म होऊन चार-पाच दिवसांत ते आष्टी, गेवराई, केज, परळी येथील आपल्या घरी परततात. पुढील तपासण्यांसाठी दरवेळी शेकडो किलोमीटरचा प्रवास करणे अनेकांना शक्य होत नाही. मग उलटी झाली, केस गळू लागले, चक्कर आली, की तो गावातल्या वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. म्हणून शस्त्रकर्म आपण करीत नसलो, तरी शस्त्रकर्मोत्तर काळाची मोठी जबाबदारी आपल्यावरच येऊन पडते.

शस्त्रकर्मात काय घडते?

आज दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात आमाशयाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये आमाशयाच्या वरच्या भागात सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी थैली करून ती थेट लघ्वंत्राच्या पुढील भागास जोडतात. त्यामुळे अन्न ग्रहणीच्या आरंभीच्या भागातून जातच नाही.

केवळ जागा कमी झाल्याने वजन उतरते असे समजणे अपुरे आहे. स्लीव्हमध्ये आमाशयाच्या ज्या भागातून भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक स्रवते, तो भागच निघून जातो. शिवाय अन्न लघ्वंत्रात लवकर पोहोचल्याने तृप्ती देणारी व इन्सुलिनस्राव वाढविणारी संप्रेरके अधिक स्रवतात. अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन उतरण्यापूर्वीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते, त्याचे कारण हेच होय. अतिस्थूलाच्या ज्या तीक्ष्ण अग्नीचे वर्णन चरकाचार्यांनी केले आहे, त्या अतिक्षुधेवरच हे शस्त्रकर्म आघात करते.

वजन किती उतरते?

पहिल्या वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या सुमारे २५ ते ३० टक्के वजन कमी होणे हा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे १२० किलोचा मनुष्य ८५ ते ९० किलोपर्यंत येतो. त्यानंतर वजन स्थिरावते व पुढे त्यातील काही भाग परत येतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या, चार हजारांहून अधिक व्यक्तींच्या दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमी होते. शस्त्रकर्म झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. हे यश मान्य करण्यात आपणास संकोच वाटण्याचे कारण नाही.

तथापि उतरलेले वजन केवळ मेदाचे नसते. साधारण पाव हिस्सा मांसधातूचा असतो. अस्थींची घनताही घटते. मेदाबरोबर मांस व अस्थीही क्षीण होतात, ही गोष्ट वैद्याने सतत ध्यानी ठेवावी.

देहातील इतर बदल

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मोठ्या प्रमाणावर गळतात. बहुतेकांत ते पुन्हा येतात. परंतु केवळ केश्य तेल देऊन न थांबता प्रथिने, लोह व जस्त यांची कमतरता पाहावी. उदर, दंड व मांड्यांवरची त्वचा लोंबू लागते व तिच्या घड्यांत कंडू व दाह होतो. ही त्वचा लेप अथवा अभ्यंगाने पूर्ववत होत नाही, हे रुग्णास प्रामाणिकपणे सांगावे. वजन वेगाने उतरल्याने पित्ताश्मरी होण्याचा संभव वाढतो. त्यासाठी पहिले सहा महिने देण्यात येणारे अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड रुग्णाने मध्येच सोडू नये.

बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास आवश्यक घटक आमाशयात तयार होतो, म्हणून त्याची उणीव पुढे निश्चित संभवते. आपल्याकडील माळकरी, शाकाहारी कुटुंबांत ती मुळातच आढळते. लोह, कॅल्शियम, ‘डी’ व बी-१ यांचीही हीच स्थिती. ही पूरक औषधे आजन्म घ्यावयाची असतात. “आता बरे वाटते, गोळ्या बंद केल्या” असे सांगणाऱ्या रुग्णास त्या पुन्हा सुरू करावयास लावणे, ही आपली पहिली चिकित्सा होय.

औषधयोजनेतील सावधता

१. रुग्ण अद्याप स्थूल दिसतो म्हणून लेखन, रूक्षण, वमन, विरेचन अथवा दीर्घ लंघन योजू नये. वजन कमी करण्याची तयार चूर्णे, विशेषतः सोनामुखी किंवा निशोत्तर असलेली, दुकानदारांनी अशा रुग्णास देऊ नयेत.

२. आसव-अरिष्टांत साधारणतः पाच ते दहा टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो. शस्त्रकर्मानंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्यार्क रक्तात त्वरेने चढतो. त्याऐवजी क्वाथ अथवा वटीचा विचार करावा.

३. च्यवनप्राश, अवलेह व पाक यांतील साखरेने बायपासच्या रुग्णास धडधड, घाम, पोटात मुरडा, अतिसार व चक्कर असा उपद्रव होतो. त्यास ‘डंपिंग’ म्हणतात.

४. शंख, कपर्दिका व प्रवाळ ही भस्मे मूलतः कॅल्शियम कार्बोनेटची आहेत. त्याच्या शोषणास आमाशयातील अम्ल लागते आणि तेच येथे घटलेले असते. म्हणून शल्यचिकित्सकाने दिलेल्या कॅल्शियम सायट्रेटची जागा या भस्मांना देता येत नाही. तीच गोष्ट मंडूर व लोहभस्माची. तपासणीत रक्तातील लोह वाढत नसेल, तर शिरेवाटे लोह देण्यासाठी रुग्णास पुढे पाठवावे. लोह व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर असावे.

५. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या सांध्यावर व्रण होतो, प्रसंगी तो फुटतो. गुडघेदुखीसाठी दुकानात सहज मागितल्या जाणाऱ्या या गोळ्या देण्यापूर्वी “पोटाचे वजनाचे ऑपरेशन झाले आहे काय?” एवढा प्रश्न दुकानदाराने अवश्य विचारावा. तंबाखू, विडी व मशेरी यांचाही निषेध करावा.

६. मधुमेहाच्या औषधांची मात्रा शस्त्रकर्मानंतर झपाट्याने कमी करावी लागते. अशा वेळी आपण स्वतंत्रपणे प्रमेहघ्न योग जोडल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तशर्करा पाहिल्याविना योजना करू नये.

७. इसबगोल पाण्याने फुगतो. अरुंद झालेल्या मार्गात, थोडेच पाणी पिऊ शकणाऱ्या रुग्णास तो पहिल्या काही महिन्यांत देऊ नये.

आहार

येथेच लघु संतर्पणाचे सूत्र शब्दशः उपयोगी पडते. अल्प प्रमाणात, वारंवार, नीट चावून आणि पोषक असा आहार असावा. दिवसास किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत. घास घेताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे. पहिले काही आठवडे द्रव, मग मऊ, मग नेहमीचे अन्न हा क्रम आपल्या पेया-विलेपी-यूषादी संसर्जनक्रमाशी जुळणारा असल्याने रुग्णास समजावून सांगणे आपणास सोपे जाते. मुगाचे यूष, तुरीच्या वरणाचा घट्ट भाग, ताक, दही, पनीर व चालत असल्यास अंडी यांना पानात पहिले स्थान द्यावे. ज्वारीची भाकरी नंतर, तीही दुधात अथवा वरणात कुस्करून. जिल्ह्यात मुबलक पिकणाऱ्या सोयाबीनचाही उपयोग करावा. उसाचा रस, गुळाचा चहा आणि बालाघाटातील सीताफळ ही गोडी मात्र आवरती घ्यावी. पहिल्या वर्षात एकादशीचा निर्जळी उपवास करू नये.

स्त्रीरुग्णांस एक सूचना आवर्जून द्यावी. वजन उतरल्यावर अनियमित झालेली पाळी सुधारते व गर्भधारणेची शक्यता वाढते; परंतु पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण बदललेले असू शकते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावयास सांगावे.

तत्काळ पाठवावयाचे रुग्ण

पहिल्या काही आठवड्यांत ज्वर, नाडी मिनिटास १२० हून अधिक, उदरशूल अथवा धाप आढळल्यास शिवणीतून गळती झाल्याचा संशय घ्यावा. बायपास झालेल्यास वर्षांनंतरही अकस्मात तीव्र उदरशूल झाल्यास आतड्यास पीळ पडला असावा, असे समजून वेळ न दवडता पाठवावे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे मल हे व्रणाचे लक्षण होय.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती सततची उलटी. काही आठवडे उलट्या होत राहिल्यास बी-१ चा साठा संपतो. मग दृष्टी दुहेरी होणे, नेत्रगोल अस्थिर होणे, चालताना तोल जाणे व बुद्धिभ्रम ही लक्षणे दिसतात. आपल्याकडे उलटीच्या रुग्णास अशक्तपणासाठी ग्लुकोजचे सलाईन लावण्याची रीत आहे. या रुग्णात बी-१ दिल्याविना ग्लुकोज दिल्यास मेंदूची हानी वाढते व ती कायमची ठरू शकते. थायमिनचे इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. लक्षणे दिसताच रुग्णास जिल्हा रुग्णालयात अथवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे आणि शस्त्रकर्माचा प्रकार व तारीख चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी.

आपल्या चिकित्सालयात अशा प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद ठेवावी. तीत शस्त्रकर्माचे नाव व दिनांक, दरमहा वजन, चालू पूरक औषधे आणि वर्षातून किमान एकदा हिमोग्लोबिन, लोहसाठा, बी-१२, ‘डी’ जीवनसत्त्व व कॅल्शियम यांचे निकाल असावेत. दुकानदारांनी नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या वहीत तशी खूण करून ठेवल्यास चुकीची गोळी हातून जाणार नाही. शल्यचिकित्सकाने मेद उतरविला. उरलेले धातू सांभाळण्याचे कार्य पुढील अनेक वर्षांचे आहे आणि त्यासाठी रुग्णाच्या सर्वांत जवळ आपणच आहोत.