आरावरच्या बरगड्या : धग, वेळ आणि एक जुना गैरसमज

मंडळी, करमाडच्या शिवारात थंडीत हुरडा भाजतात तो कसा, ते आधी आठवू. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ खाली बसू द्यायचा आणि मग आरात कणसं खुपसायची. जाळावर धरलं तर कणीस वरून करपतं आणि आत दाणा कच्चाच राहतो. आज आपण डुकराच्या बरगड्या भाजण्याबद्दल बोलणार आहोत, आणि त्याचा पहिला नियम हाच आहे : जाळ नको, आर हवा.

फरक आहे तो वेळेचा. हुरड्याचा दाणा मुळातच कोवळा, त्याला काही मिनिटं पुरतात. बरगडीचं तसं नाही. हाडालगतच्या मांसात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. ते ओलसर उष्णतेत सावकाश विरघळतं आणि त्याचं जिलेटीन होतं. पाया रात्रभर मंद आचेवर शिजवला आणि सकाळी गार झाला की रस्सा थिजलेला दिसतो ना? तेच जिलेटीन. म्हणजे मांस मऊ होतं ते मसाल्याने नव्हे, वेळेने. मसाला चव देतो, बस.

आता मांडणी कशी करायची? उभा चिरलेला लोखंडी पिंप आणि वर जाळी, एवढंही पुरतं, फक्त झाकण हवं. कोळसा एका बाजूला, बरगड्या दुसऱ्या बाजूला. खाली थेट निखारा नको, नाहीतर चरबी ठिबकते, भडका उडतो आणि मांस काळं पडतं. झाकणाखालची हवा साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस ठेवायची. हवेची भोकं उघडली की आर फुलतो, लोटली की मंदावतो. बरगड्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा आधी ओढून काढायचा. मीठ, लसूण, घरचा काळा मसाला चोळायचा. गूळ घालायचा असेल तर अगदी शेवटी, कारण साखर लवकर जळते.

एक गोष्ट मात्र हमखास गोंधळात टाकते. मांसाचं तापमान ६५-७० अंशांपर्यंत चढतं आणि तिथेच तास-दोन तास अडून बसतं. लोक घाबरतात, कोळसा वाढवतात आणि सगळं वाळवून टाकतात. खरं कारण आपल्या घरच्या माठात आहे. माठ पाझरतो, पाणी उडतं आणि आतलं पाणी गार होतं. बरगडीवरचा ओलावाही असाच उडत असतो आणि तिला गार करत असतो. थांबायचं, किंवा फॉइलमध्ये गुंडाळायचं. आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर गेलं की कोलॅजन सुटलेलं असतं. चार ते सहा तास लागतात. काडी विनासायास आत गेली, हाडाची टोकं बोटभर उघडी पडली की झालं.

शेंद्र्याची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे, म्हणून सांगतो : पॅकिंगच्या पेट्या-पॅलेट फोडून जाळू नका. त्यावर रंग किंवा रसायन असू शकतं. बाभळीचा कोळसा बरा. आणि शेगडी उघड्यावरच ठेवा. बंद खोलीत कोळशाचा वायू जीव घेतो.

आता तो गैरसमज. 'डुकराचं खाल्लं की मेंदूत किडा जातो', असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. अर्धं खरं, अर्धं खोटं. कच्चं राहिलेलं, बाधित मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो, मेंदूत नाही. त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. हागणदारीतून ती डुकराच्या पोटात जातात, तशीच पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून माणसाच्या पोटातही जातात. ही अंडी पोटात गेली की मेंदूत गाठी होतात आणि झटके येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिथे हा रोग मूळ धरून आहे अशा अनेक भागांत फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं. म्हणजे जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो.

मग खाणाऱ्याला नावं ठेवून काय मिळणार? हे मांस खाणारी घरं आपल्या मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या आहेत. रोग तुटतो तो संडास वापरल्याने, हात आणि भाजी धुतल्याने आणि बांधून पाळलेल्या जनावराचं मांस घेतल्याने. मांसात साबुदाण्यासारखे पांढरट दाणे दिसले तर ते घेऊच नका. बाकी ९० अंशांवर तास-दोन तास राहिलेल्या बरगडीत जिवंत कृमी उरत नाही. चवीसाठी जो धीर धरायचा, तोच आपल्याला सुरक्षितही ठेवतो. कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट मात्र कांदा-कोथिंबिरीला लावण्याआधी साबणाने धुवा.