हबसाणातली माणसं

१९०१ च्या खानेसुमारीत जंजिरा संस्थानाची प्रजा भरली ८५,४१४. मुलूख ३२४ चौरस मैलांचा. गादीवर होते नवाब सिद्दी अहमदखान. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बेगम नाझली मुंबईच्या फैजी-तय्यबजी गोतावळ्यातल्या, सुलेमानी बोहरा. त्याआधीच्याच दशकात संस्थानाचे कारभारी होते शालोम बापूजी इस्रायल, कोकणातले ज्यू. आणि ज्यांच्यावर हा कारभार चालायचा ती बहुसंख्य रयत होती मराठी बोलणारी हिंदू : कोळी, आगरी, कुणबी, भंडारी. या मुलखाला मराठी कागदपत्रांत ‘हबसाण’ म्हटलेलं आहे आणि त्याचा कारभार मुरुडहून चालायचा.

आज मुरुड हे रायगड जिल्ह्यातलं बारा-साडेबारा हजार वस्तीचं नगरपरिषदेचं गाव आहे. पर्यटक येतात, राजपुरीच्या बंदरावरून शिडाच्या होडीने जंजिरा पाहतात, पापलेट खातात आणि परततात. किल्ला अजिंक्य कसा राहिला हे गाइड सांगतो. पण किल्ल्याभोवतीची ही माणसं कोण, कुठली, आणि एका गावात कशी नांदली, ही गोष्ट किल्ल्याहून कमी रंजक नाही.

कोळी : आधीचे आणि अजूनही असलेले

राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरच्या खडकावर पहिला कोट बांधला तो कोळ्यांनी. दगडी नव्हे, लाकडी मेढेकोट. चाच्यांपासून बचावासाठी उभारलेल्या या कोटाचा मुख्य होता राम पाटील. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या मिषाने आला, कोळ्यांना दारू पाजली आणि बेट ताब्यात घेतलं, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे.

कोट गेला, पण दर्या कोळ्यांचाच राहिला. पुढे सिद्दी आणि मराठे एकमेकांशी झुंजले तेव्हा इथल्या पाण्याची खडानखडा माहिती असलेला कोळी दोन्ही बाजूंना हवा होता. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या उरावर पद्मदुर्ग बांधला, त्या काळातल्या लाय पाटलाची हकिकत याच किनाऱ्यावरची. रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचं धाडस त्याने केलं आणि महाराजांनी त्याचा गौरव केला, असं सांगतात. मुरुडचा कोळीवाडा, एकदरा, राजपुरी इथे आजही जाळी विणली जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. या गावात सत्ता अनेकांची आली आणि गेली, पण पेशा आणि जागा दोन्ही टिकवून राहिला तो कोळीच.

सिद्दी : रक्ताहून दर्जा मोठा

सिद्दी म्हटलं की आपल्याला एक वंश डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात जंजिऱ्याचे सिद्दी म्हणजे लष्करी उमरावांचा एक गट होता. पूर्व आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून दख्खनेत विकली जात. पण दख्खनेतल्या सुलतानशाह्यांत गुलाम सरदार होऊ शकत असे, प्रसंगी राज्यही चालवत असे. निजामशाहीचा मलिक अंबर हे त्याचं ठळक उदाहरण. जंजिऱ्यावरही बापानंतर मुलगा असा नेम नव्हता. सरदारांना जो कर्तबगार वाटे तो प्रमुख होई. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करायला निघाला, तेव्हा संबूल, कासीम आणि खैरियत या तिघा सिद्दींनी त्यालाच कैदेत टाकलं आणि मोगलांचं आरमार म्हणून चाकरी पत्करली. वारसाहक्काच्या भांडणांनी भलीभली घराणी बुडाली. जंजिरा टिकला त्यात तटाइतकाच या रिवाजाचाही वाटा आहे.

आता वंशाचं म्हणाल, तर ‘हबशी’ म्हणजे अबिसीनियाचे, आजच्या इथिओपियाकडचे, असा रूढ समज. २०११ साली गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचं मूळ प्रामुख्याने आफ्रिकेतल्या बांटूभाषक समाजांत आढळलं, आणि भारतीय रक्ताची मिसळणही दिसली. म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं आहेत. त्यांची नशिबंही वेगळी. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, गुजरातेत सौराष्ट्रातले सिद्दीही त्या यादीत आहेत. जंजिऱ्याचे सिद्दी मात्र अकरा तोफांच्या सलामीचे राज्यकर्ते होते, काठेवाडातलं जाफराबादही त्यांच्याच ताब्यात होतं.

राज्यकर्ते असले तरी ते संख्येने कायम मूठभर. लग्नसंबंध इथल्या मुसलमान घराण्यांशी होत गेले आणि पिढ्यांमागून पिढ्या चेहरेमोहरे किनाऱ्यासारखेच झाले. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तो दर्जाही संपला. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे घुमट आहेत. त्यातला सर्वांत मोठा सिरुलखानाचा.

कोकणी मुसलमान आणि शनिवार तेली

मुरुडच्या मुसलमानांना सिद्दींची प्रजा म्हणून नंतर आलेले समजणं चूक ठरेल. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास उत्तरेकडच्या चौलला आला, तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यातल्या त्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले होते. म्हणजे पिरमखानाच्या साडेपाचशे वर्षं आधी. घोडे, मसाले, कापड यांच्या व्यापारातून आलेले अरब इथल्या बायकांशी लग्न करून स्थिरावले, त्यात स्थानिक धर्मांतरितांची भर पडली. कोकणी मुसलमान शाफई पंथ पाळतात. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक सुन्नी हनफी आहेत. हा फरकच सांगतो की यांचा इस्लाम खैबरखिंडीतून नव्हे, समुद्रातून आला. घरात कोकणी बोली, आडनावाला गावाचा ‘कर’, जेवणात तांदळाची भाकरी आणि नारळ. जहाजावरची नोकरी हा त्यांचा जुना पेशा. त्याच वाटेने काही केपटाउनला स्थायिक झाले आणि १९७० नंतर अनेकांनी आखातात नोकऱ्या धरल्या.

कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ते कधी घडलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण २०१६ च्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ ठरवून टाकलं. रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं. मुरुड तालुक्यात नांदगावला त्यांचं प्रार्थनालय आहे. याच समाजातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. इंग्रजी फौजेने आणि मुंबईच्या कचेऱ्यांनी त्यांना गावाबाहेर नेलं, १९४८ नंतर इस्रायलने.

वस्ती विखुरली की भाषा गावाची होते

मुरुडहून अलिबागकडे जाताना रेवदंड्याच्या खाडीअलीकडे कोर्लई लागतं. पोर्तुगीज १७४० साली चौलमधून गेले, पण कोर्लईतले ख्रिस्ती आजही घरात पोर्तुगीजातून घडलेली बोली बोलतात. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. हजाराच्या आतबाहेर माणसं. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला.

बेने इस्रायल या ख्रिस्त्यांहून जुने, तरी त्यांची मायबोली मराठीच. हे असं का? कोर्लईचे ख्रिस्ती एका वाडीत एकवट राहिले. आजूबाजूच्यांशी धर्म वेगळा, जातीमुळे सोयरीक बंद, त्यामुळे बोली घरात शाबूत राहिली. बेने इस्रायलांची मात्र गावोगाव दोन-चार घरं. तेल विकायचं तर गिऱ्हाईकाशी बोलावंच लागे. त्यांनी शनिवारचा शब्बाथ राखला आणि भाषा गावाची घेतली.

दौत-लेखणी आणि कोयता

राज्य सिद्दींचं असलं तरी दप्तर सांभाळणारे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि ब्राह्मण होते. या नात्यात जिव्हाळा होता, तसा धोकाही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील जंजिऱ्याच्या चाकरीत होते आणि सिद्दीच्या रोषाला बळी पडले, असं परंपरा सांगते. श्रीवर्धनच्या भट घराण्याकडे सिद्दीच्या मुलखातली देशमुखी होती. सिद्दीच्या जाचाने घर सोडलेल्या बाळाजी विश्वनाथांच्या वंशाने पुढे पेशवाई चालवली.

नारळी-पोफळीच्या वाड्यांत घाम गाळला तो भंडाऱ्यांनी आणि इतर कष्टकऱ्यांनी, खाजणात भात पिकवलं आगऱ्यांनी. आणि डोंगरउतारावरच्या कातकऱ्यांना गावाच्या कुठल्याच इतिहासात दोन ओळींहून जास्त जागा मिळालेली नाही. कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकऱ्यांची गणना राज्यातल्या आदिम जमातींत होते. जंगल गेलं, काताचा धंदा गेला, आता वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर जातात. जे सर्वांत जुने, त्यांच्याच नावावर सर्वांत कमी जमीन, हे मुरुडपुरतं खरं नाही, पण मुरुडलाही खरं आहे. गावाच्या सलोख्याचं कौतुक करताना हे विसरू नये.

नवे रकाने

आता बांधणी पुन्हा बदलते आहे. कोकणच्या बंदरांतल्या बोटींवर नेपाळी खलाशी दिसतात, किनाऱ्यालगतच्या जागांना मुंबई-पुण्याचे मालक आहेत, आणि इथली पोरं नोकरीसाठी मुंबईला. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदली जाणार आहे. १९३१ नंतर जनगणनेत प्रथमच देशभर सर्व जातींची मोजणी होईल. त्या आकड्यांतून कोण किती हे कळेल, पण कोण कुणात कसं मिसळलं हे कुठल्याच रकान्यात मावणार नाही. मुरुडने गेल्या हजार वर्षांत दाखवलं ते असं : इथे माणसाची ओळख रक्ताने कमी आणि धरलेल्या कामाने जास्त ठरली. काम टिकलं तो समाज टिकला, काम संपलं तो पांगला किंवा दुसऱ्यात विरघळला.

सुटीत मुरुडला जाल तेव्हा किल्ल्याबरोबर खोकरीचे घुमट, नांदगाव आणि कोर्लईही पाहा. आणि आपापल्या गावाची आडनावं, वाड्या, मोहल्ले, बंद पडलेले घाणे यांची माहिती जाणत्यांकडून आताच लिहून घ्या. सरकार ती लिहून ठेवणार नाही.