म्हाताऱ्यांच्या गावातला निळा तारा

मुलांनो, मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास बारामती किंवा इंदापूरच्या मोकळ्या रानात, दिव्यांपासून जरा दूर उभे राहा. तोंड दक्षिणेकडे करा. समोर उंचावर निळसर चित्रा दिसेल. मान वर केलीत, की डोक्यावर नारिंगी स्वाती. अरबीत या दोघींनाही 'सिमाक' म्हणतात.

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिले असेल. आधी ते लाल होते, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे. ताऱ्यांचेही तसेच. स्वातीपेक्षा चित्रा कितीतरी अधिक तप्त आहे. अशा अतितप्त ताऱ्यांचा बराचसा प्रकाश अतिनील, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

आता चित्रेपासून नजर सरळ खाली आणा. हवा स्वच्छ असेल, तर क्षितिजापासून सुमारे २४ अंशांवर एक पुसट ठिपका दिसेल. जुन्या काळी त्याला ताराच समजत. पण तो सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छ आहे, बरे का! त्याचे नाव ओमेगा सेंटॉरी. त्याचे अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे आहे.

आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ आहेत. त्यांतले बहुतेक हजार कोटी वर्षांहून जुने. मोठे निळे तारे आपले इंधन उधळ्या माणसासारखे लवकर संपवतात. तेव्हा या गुच्छांत ते उरायलाच नकोत. तरीही १९५३ साली ॲलन सँडेज या अमेरिकन शास्त्रज्ञाला अशाच एका गुच्छात निळे तारे आढळले. म्हाताऱ्यांच्या गावात हे तरुण आले कोठून?

एक तर्क असा, की अशा ताऱ्याने आपल्या जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतला असावा. मग त्या जोडीदाराचा उघडा पडलेला तप्त गाभा, म्हणजे श्वेत बटू, शेजारीच सापडायला हवा. साध्या प्रकाशात तो निळ्या ताऱ्याच्या उजेडात लपून जातो. अतिनील प्रकाशात मात्र तो ओळखता येतो. अडचण एवढीच, की अतिनील किरणांतला बराच भाग ओझोनचा थर वरच अडवतो. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण उभारा, उपयोग नाही.

म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' हा उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर पाठवला गेला. त्याच्यावरील अतिनील दुर्बिणीच्या कामात बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर आपल्या पुण्याच्या 'आयुका'चाही वाटा होता. स्वाती ज्या भूतप तारकासमूहात आहे, त्यातच एनजीसी ५४६६ हा गुच्छ आहे. या दुर्बिणीने त्यातला एक निळा तारा तपासला, तेव्हा त्याच्या अतिनील प्रकाशाचा हिशेब एका ताऱ्यावर जुळेना. शेजारी श्वेत बटू धरला, तेव्हाच तो जुळला. २०१९ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

सगळेच निळे तारे असे घडले, असे मात्र नाही. गुच्छाच्या मध्यभागी तारे दाटीवाटीने असतात. तिथे दोन तारे आदळून एक होऊ शकतात. एनजीसी ५४६६ मधला हा तारा गुच्छाच्या कडेला, गर्दीपासून दूर आहे.