प्रवासचिन्हांचा अर्थ : सासनकाठी आणि अवकाशमोहिमेचा बिल्ला

दूरच्या प्रवासास निघालेला समूह आपली ओळख एखाद्या चिन्हात साठवितो. त्या चिन्हात प्रवाशांची नावे असावीत की नसावीत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु प्रवास कोणाच्या वतीने होत आहे, हे पुष्कळदा त्यावरूनच कळते.

पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाच्या चैत्र यात्रेस गावोगावच्या सासनकाठ्या येतात. संस्कृत 'श'चा महाराष्ट्री प्राकृतात 'स' होतो. तेव्हा 'सासन' हे पद 'शासन', म्हणजे आज्ञा किंवा अधिकारपत्र, या अर्थाकडे निर्देश करते असे मानावयास हरकत नाही. उंच वेळू, त्यावरील रंगीत वस्त्रे आणि तोल सांभाळण्यासाठी चहूंकडून ताणलेले दोर असे तिचे स्वरूप. वाहणारे हात बदलतात. काठी मात्र गावाचीच राहते. पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळी गावाच्या काठीचा. हा मान उंचीवरून अथवा वस्त्रांवरून नव्हे, तर मिरवणुकीतील स्थानावरून कळतो. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष दिसतो.

अमेरिकेच्या जेमिनी-५ या मोहिमेच्या (१९६५) बिल्ल्यावर पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकारांची आच्छादित गाडी होती, आणि कूपर व कॉनरॅड या दोन्ही अंतराळवीरांची नावेही होती. १९६९ च्या अपोलो-११ च्या बिल्ल्यावरून मात्र तिघांचीही नावे वगळण्यात आली, ती या यशात वाटा असलेल्या सर्वांचे प्रतिनिधित्व व्हावे म्हणून. मायकेल कॉलिन्स यांनी रेखाटलेल्या गरुडाच्या चोचीत प्रथम ऑलिव्हची फांदी होती. चंद्रावर झेपावणारे त्याचे रिकामे पंजे आक्रमक भासल्याने ती पंजात देण्यात आली.

तरीही नावे वगळल्याने चिन्ह सर्वांचे होतेच असे नाही. गरुड हा अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. ऑलिव्ह म्हणजे शांती, ही भूमध्यसागरी परंपरेची रूढी. जोतिबाच्या यात्रेकरूस गुलालाचा अर्थ सांगावा लागत नाही, पण ही फांदी समजावून द्यावी लागेल. चिन्हाची पोच रूढीच्या सीमेपर्यंतच असते.

आर्मस्ट्राँग यांना ही मर्यादा जाणवली असावी. मोहिमेचा क्रमांक इंग्रजी शब्दात किंवा रोमन अंकांत न लिहिता '११' असा अंकांत लिहिला गेला, कारण तो परभाषिकांसही वाचता यावा. त्या बिल्ल्यातील सर्वाधिक सार्वत्रिक भाग तोच होय. दोन्ही आकृत्या एकसारख्या. एकीचे मूल्य दहा, दुसरीचे एक, आणि हा भेद केवळ स्थानाने घडलेला. ही दशमान स्थानपद्धती मूळची भारतीय आहे. आणि स्थानाने अर्थ ठरविण्याचे तिचे तत्त्व सासनकाठ्यांच्या रांगेतही नांदते.