आतून एकदम झक्कास!

फेब्रुवारीची सकाळ, वसई रोडवरून सुटलेली चर्चगेट लोकल आणि दारातून कानात घुसणारा वारा! नुसत्या शर्टावर निघालं, तर नायगाव सोडून खाडीचा पूल येताच हुडहुडी. जाड स्वेटर चढवला, तर अंधेरी यायच्या आत घामाच्या धारा. माणिकपूरकरांनो, यावर उतारा एकच: अस्तर लावलेलं हलकंफुलकं स्प्रिंग जॅकेट. तेही विकत आणलेल्या पेपर पॅटर्नवरून, घरच्या मशीनवर शिवलेलं! आणि त्याची खरी धमाल बाहेरून दिसतच नाही. ती असते आत. चला, कात्री उचला!

पाकिटात मावला शिंपी

माहीत आहे का, वेगवेगळ्या साइझमध्ये मिळणारा पेपर पॅटर्न बाजारात आणला एका शिंप्यानेच? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा एबेनेझर बटरिक. साल १८६३. कल्पना त्याच्या बायकोची, एलेनची, असं सांगतात. मुलाचे कपडे बेतताना तिला नेमक्या मापाचा कागद हवा होता. सुरुवातीचा सुपरहिट माल कोणता? मुलांचा ‘गॅरिबाल्डी सूट’! इटलीचा क्रांतिवीर थेट पोरासोरांच्या अंगावर.

नकाशा की पॅटर्न?

१९५० मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबुर्गमध्ये एने बुर्डा या बाईंनी शिवणाचं मासिक काढलं आणि ‘बुर्डा’ जगभर पोचलं. त्यातला पॅटर्नचा कागद उघडाल तर चक्रावाल. एकाच तावावर अनेक कपड्यांच्या रेषा, एकमेकींवरून धावणाऱ्या, जणू मुंबईच्या सगळ्या लोकल लाइन एकाच फलाटावर! आपली रेषा शोधायची आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवायची.

सावधान, पुढे मार्जिन आहे! अमेरिकन पाकिटांमध्ये शिलाईचं मार्जिन बहुधा धरलेलं असतं, ५/८ इंच, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर. बुर्डाच्या मासिकात ते आपण वाढवायचं. हे न वाचता कापड कापलंत, तर जॅकेट थेट भाच्याला!

नंबरची गंमत

दुकानात तुमचा नंबर काहीही असो, पॅटर्नच्या पाकिटावर तो विसरा. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये लेडीज साइझ १२ म्हणजे छाती ३४ इंच. दुकानातला १२ नंबर बराच ऐसपैस असतो. म्हणून टेप काढा, छाती मोजा, टेबल बघा. नंबर वाढला म्हणून तोंड पाडू नका, वाढलाय तो फक्त कागदावर.

दादरला उतरा!

परदेशी पाकीट नको? आपल्याकडे बेतायचं देशी शास्त्र आहेच की! दादरच्या झारापकरांचं नाव शिवण शिकलेल्या मराठी घरात कोणाला माहीत नाही? ‘झारापकर सिस्टम ऑफ कटिंग’ हाताशी असलं की आपल्या मापाचा मुंढा, बाही आणि कॉलर आपणच कागदावर काढायचे. पॅटर्न मेड इन माणिकपूर!

सुईवरचं कोडं

मशीनच्या सुईवर ‘९०/१४’ लिहिलेलं असतं. माहीत आहे का त्याचा अर्थ? ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. १४ हा त्याच जाडीचा अमेरिकन नंबर. जॅकेटच्या मध्यम कापडाला ९० मस्त. अस्तर मात्र नाजूक प्रकरण, तिथे ७० बसवा, नाहीतर धागे खेचले जातात.

टाचणीतला तोटा

पॅटर्न कापडावर टाचताना वॉल्टर हंट यांना एक सलाम ठोका. अमेरिकेतल्या या अवलियाने १८३०च्या दशकात शिवणयंत्र बनवलं, पण वेळेत पेटंटच घेतलं नाही. पुढे १८४९ मध्ये सेफ्टी पिन शोधली आणि तिचे हक्क विकले फक्त ४०० डॉलरना!

ईएमआयचे आजोबा

शिवणयंत्र हप्त्याने विकायची शक्कल सिंगर कंपनीने १८५६ मध्येच लढवली. आणि यंत्रांवर सडकून टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये अपवाद कोणाचा केला? याच सिंगर मशीनचा! मोजक्या उपयोगी शोधांपैकी हा एक, असं त्यांचं मत. आता तरी माळ्यावरचं मशीन खाली काढाल ना?

अस्तराने वाचवला जीव

आता मेन पिक्चर! अमेरिकन वैमानिकांच्या ‘एमए-१’ बॉम्बर जॅकेटला आतून भडक केशरी अस्तर का? विमान पडलं तर जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधपथकाला लांबून दिसेल. फॅशन नंतर आली, आधी आला जीव.

इंग्लंडच्या बाराकुटा कंपनीचं ‘जी९’ हे स्प्रिंग जॅकेटांचं शेंडेफळ नव्हे, थोरलं भावंड. जन्म मँचेस्टरचा, १९३० च्या दशकातला. आतलं चौकड्यांचं अस्तर स्कॉटलंडच्या फ्रेझर घराण्याचं, आणि ते वापरायला कंपनीने घराण्याच्या प्रमुखाची परवानगी घेतली होती.

शनेलची तऱ्हा तर आणखी न्यारी. जॅकेटच्या खालच्या कडेला, अस्तरावर, आतून बारीक साखळी शिवलेली! दागिना म्हणून नाही, वजन म्हणून. जॅकेट झोकात सरळ पडतं.

सरकीचं रेशीम

पॉलिएस्टरचं अस्तर वसईच्या दमट हवेत अंगाला चिकटतं. मग काय लावायचं? क्युप्रो! रेशमासारखं सुळसुळीत, हवा खेळती ठेवणारं. बनतं कशापासून? सरकीला चिकटून राहिलेल्या तोकड्या कापूस-तंतूंपासून. जपानची असाही कासेई कंपनी ते ‘बेंबर्ग’ नावाने विकते.

उलट की सुलट?

अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा. संभाजीनगरचं हिमरू मात्र पुढून राजेशाही आणि मागे नक्षीचे सुटे धागे. हिमरूचं जॅकेट शिवाल तर अस्तर मस्टच, नाहीतर अंगठीत धागे अडकलेच म्हणून समजा.

पाठीतली चुणी

अस्तर जॅकेटएवढंच कापायचं? छे! पाठीच्या मधोमध सुमारे अडीच सेंटिमीटरची चुणी जास्त ठेवतात. का? लोकलचं हँडल पकडायला हात वर केला की अस्तर टर्रकन फाटू नये म्हणून. खाली घेरालाही थोडा झोळ हवाच.

ग्रँड फिनाले: भोकातून जॅकेट!

आणि आता खरी जादू! जॅकेट आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडा जोडायच्या: पुढचे काठ, कॉलर, खालचा घेर, बाह्यांची तोंडं. सगळं बंद! मग सुलटं कसं करायचं? अस्तराच्या एका बाहीच्या शिलाईत आधीच वीतभर भोक ठेवलेलं असतं. त्यातून हात घालायचा आणि ओढायचं... बाही आली, कॉलर आली, अख्खं जॅकेट बाहेर! भोक शेवटी हाताने टाके घालून बंद. हातशिलाई जवळपास शून्य, टाळ्या भरपूर.

तेव्हा मरीन लाइन्सला उतरा, मंगलदास मार्केट गाठा आणि बाहेरचं कापड साधंच घ्या. अस्तर मात्र बिनधास्त रंगीत हवं. बोला, तुमचं कुठल्या रंगाचं?