बियाण्याच्या शुद्धतेची यांत्रिक पारख

१९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रातून संकर-४ हा कापसाचा पहिला व्यापारी संकरित वाण बाहेर पडला. तेव्हापासून संकरित बियाण्याचा प्रसार झाला; त्याबरोबरच शुद्धतेचा प्रश्नही आला. असे बियाणे तयार करताना मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर हाताने काढून तिच्यावर नर वाणाचा पराग लावतात. एखाद्या कळीतील पुंकेसर राहून गेले, तर तिचे बी संकरित होत नाही. मात्र दोन्ही बिया दिसावयास सारख्याच! भेद कळतो तो पीक वाढल्यावर. तोवर शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही खर्ची पडलेले असतात.

म्हणून नमुन्यातील बी शेतात लावून ४०० झाडे पारखण्याची पद्धत पडली. ती विश्वसनीय आहे. परंतु तीस संपूर्ण हंगाम लागतो.

डीएनए तपासणीने हा काळ काही दिवसांवर येतो. डीएनए म्हणजे सूक्ष्म घटकांची लांब माळ होय. तिच्या ठराविक जागी काही घटक पुन्हापुन्हा येतात. त्यांची आवर्तने प्रत्येक वाणात निराळी असल्यास त्या तुकड्याची लांबीही निराळी भरते. खऱ्या संकरित बियात नर व मादी या दोहोंच्या लांबीचे तुकडे आढळतात. फसलेल्या बियात केवळ मादीचे.

पूर्वी हे तुकडे जेलच्या थरातून विजेच्या प्रवाहाने सरकवून त्यांचे पट्टे डोळ्यांनी वाचीत. थोडा फरक नजरेतून सुटे. आता केसासारख्या बारीक नळ्यांचे यंत्र हे काम करते. लहान तुकडा आधी पोहोचतो, मोठा मागाहून. नळीच्या टोकाशी लेसरच्या प्रकाशात तुकड्याला जोडलेला रंग चमकतो आणि संगणक लांबी नोंदवितो. एका तबकडीत ९६ नमुने मावतात. ४०० बियांस पाच तबकड्या पुरतात. उरलेल्या जागी नर व मादी वाणांचे नमुने ठेवून यंत्राचीही पारख करता येते.

तथापि, यंत्र केवळ समोर आलेल्या नमुन्याविषयी बोलते. नमुना योग्य रीतीने काढलेला नसेल, तर अचूक उत्तरही निरुपयोगी ठरते. उगवणशक्तीची परीक्षाही निराळीच करावी लागते. यास्तव शेतकरी बंधूंनी पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. ग्रामसेवकांनी ही गोष्ट पेरणीपूर्वीच घरोघरी समजावून सांगावी. कारण तक्रारीच्या वेळी हाच पुरावा उपयोगी पडतो.