शीत आणि भात

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या गृहिणीचा भरवसा एका गृहीतावर उभा असतो: एकाच आधणात पडलेले दाणे सारखेच शिजलेले असणार. तीन-चार वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालताना आईच्या हाताला लागलेली, न दुखणारी पोटातली गाठ जेव्हा मूत्रपिंडाची निघते, तेव्हा सुईने तिचा कण काढून निदान करू पाहणाऱ्या वैद्याला मात्र हे गृहीत तपासूनच घ्यावे लागते.

बालवयातील मूत्रपिंडाच्या दहा अर्बुदांपैकी सुमारे नऊ अर्बुदे, मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ साली ज्यावर प्रबंध लिहिला, त्या जातीची असतात. उरलेल्यांत क्लिअर सेल सार्कोमा आहे, तान्ह्यांना गाठणारे अतिदारुण ऱ्हॅब्डॉइड अर्बुद आहे. स्कॅनमध्ये सर्वांची चर्या पुष्कळदा सारखीच, औषधयोजना मात्र निराळी. उत्तर अमेरिकेतील शिरस्ता असा, की शक्य तेथे आधी मूत्रपिंड काढावे आणि मग त्याची परीक्षा करावी. युरोपात बहुतेक ठिकाणी वय व स्कॅन यांवर विसंबून, तुकडा न काढताच, चार आठवडे व्हिन्क्रिस्टीन व अ‍ॅक्टिनोमायसिन देऊन गाठ आकसवतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनने १९९१ साली सुरू केलेल्या अभ्यासात औषधापूर्वी सुईची साक्ष घेतली, तेव्हा विल्म्सच्या समजलेल्या गाठींपैकी सुमारे १२ टक्के गाठी त्या जातीच्या नव्हत्याच असे निघाले.

ही साक्ष मुलाला भूल देऊन, सोनोग्राफीच्या नजरेखाली, उदरपोकळी टाळून पाठीच्या बाजूने घेतात; एकाच बाह्यनळीतून शेवईच्या तुकड्यांसारखे काही धागे निघतात, आणि त्यांतील पेशींच्या केंद्रकांत आयएनआय-१ हे प्रथिन आढळले नाही, तर ऱ्हॅब्डॉइडचा संशय बळावतो.

परंतु विल्म्सचे अर्बुद एकजिनसी नसते. ज्या विकृत केंद्रकांवरून त्याचे उग्र रूप ओळखावयाचे, ती एखाद्याच कोपऱ्यात दडलेली असू शकतात आणि सुई नेमकी दुसरीकडून जाते. शिवाय अमेरिकी वर्गवारीत सुई टोचलेली गाठ, पेशी सांडल्याच्या भयाने, तिसऱ्या अवस्थेत धरली जाते, आणि मुलाच्या वाट्याला अधिक औषध व किरणोपचार येतात. म्हणून सुईची मुखत्यारी जातीपुरती. उग्रतेचा फैसला काढलेल्या मूत्रपिंडावरच होतो. शितावरून भात आहे की वरी, हे समजते; तळाशी करपले आहे काय, हे पातेले उपसल्यावाचून समजत नाही.